तेहेतिसावा दिवस

मला लिहायला पत्रकांनी शिकवलं. पत्रकात माणसं दोनच प्रकारची असतात, अभिनंदनाची आणि निषेधाची. बाईंवर मी निषेधाचं पत्रक काढलं, छापलं, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उभं राहून वाटलं. वाटून झालं तरी बाई उरल्याच. म्हणून हे लिहितोय.

त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. मी अपंगांच्या हक्कांचं काम करतो. कचेरीला चाकाच्या खुर्चीसाठी उतार नाही, एसटीत चढायला सोय नाही, दाखल्यासाठी माणसाला उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यावं लागतं, असल्या गोष्टींवर पत्रकं लिहायची आणि साहेबांच्या टेबलावर आपटायची. खोली बघायला गेलो तेव्हा हातात गठ्ठा होता. बाईंनी वरचं पत्रक ओढून घेतलं. मथळा होता, ‘पाठीचा कणा मोडला, सरकारला पाझर कधी?’

“कणा म्हणजे हाड,” बाई म्हणाल्या. “हाड जुळतं. जुळत नाही तो आतला मज्जारज्जू. कशाबद्दल ओरडतोयस ते आधी ठरव.”

मला खोली हवी होती, म्हणून वाद न घालता भाडं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

सत्तरीच्या बाई. ठेंगण्या, केस पोरासारखे बारीक कापलेले, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पुरुषी सँडल. मूळच्या केळशीच्या. मुंबईत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य अँटीबॉडी बनवण्यात गेलं. मग रत्नागिरीला येऊन एकट्या राहिल्या. आळीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवत, पण एकदाच. कारण कुणी “बऱ्या आहात ना?” असं विचारलं की बाई उलट विचारायच्या, “कशाच्या मानाने?”

हे त्यांचं पालुपद होतं. पाऊस फार झाला. कशाच्या मानाने? भाचा हुशार आहे. कशाच्या मानाने? एकदा दारावर मासे घेऊन आलेल्या कोळणीने पाटीतला बांगडा वर धरून सांगितलं, “एकदम ताजा हाय.” बाईंनी विचारलं, “कशाच्या मानाने?” ती पाटी डोक्यावर चढवत म्हणाली, “तुज्या तोंडाच्या मानानं. घेतंस तर घे, नायतर मी चालली.” बाईंनी सहा बांगडे घेतले. आत येऊन मला म्हणाल्या, “बघ, हिला कळतं. तुलना सांगितली तिने.”

घरातल्या प्रत्येक वस्तूवर मार्करने तारीख आणि वेळ घातलेली असायची. दुधाच्या पातेल्यावर, लोणच्याच्या बरणीवर, पेंढ्यात पिकत घातलेल्या एकेका आंब्यावर. शेजारच्यांनी दिलेल्या मोदकावरही त्या मार्कर घेऊन धावल्या होत्या, मी हात धरला म्हणून मोदक वाचला.

आणि दोन वाट्या. एकीत काजूच्या बिया, दुसरी रिकामी. घरात येईल त्याने चिमटीने एकेक बी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची, मिनिटाभरात जमतील तितक्या. पोस्टमन, रिक्षावाला, मीटरचा आकडा घ्यायला आलेला माणूस, कुणाची सुटका नव्हती. “मी काय आजारी हाय काय?” असं रिक्षावाल्याने विचारलं तर म्हणाल्या, “धडधाकट माणसाचा आकडा माहीत नसेल तर आजाऱ्याचा कशाशी ताडू?” त्यांच्या वहीत अर्धी रत्नागिरी होती. माझा आकडा पोस्टमनपेक्षा कमी आला तेव्हा त्यांना फार आनंद झाला.

माझी पत्रकं त्या लाल पेनने तपासायच्या. संतप्त, ज्वलंत, अक्षम्य हे शब्द पहिल्या झटक्यात जायचे. “राग तुझा आहे, तो वाचणाऱ्याला कशाला? त्याला माहिती दे, राग त्याचा तो करेल.” मी चिडायचो. पण खरं सांगतो, त्यांनी छाटलेल्या पत्रकावरून कचेरीला उतार झाला. माझ्या ज्वलंत पत्रकावर तिथला शिपाई पोहे खात होता.

अँटीबॉडी हे काय प्रकरण, ते मला त्यांनी ओट्यावर बसून समजावलं होतं.

“नस तुटली तरी तिला पुन्हा वाढायचं असतं. पण मोठ्या माणसाच्या मज्जारज्जूत एक प्रथिन असतं, ते तिला सारखं सांगतं, थांब, पुढे येऊ नको. आमची अँटीबॉडी जाऊन त्या प्रथिनाच्या तोंडावर बसते. बस्स, एवढंच करते.”

“म्हणजे माणूस चालायला लागतो?”

“घाटातली दरड काढली म्हणजे एसटी आली का? गाडी डेपोतून सुटायला हवी, ड्रायव्हर जागा हवा. आम्ही फक्त दरड काढतो. तीही लवकर काढली तर. उशीर झाला की वाटेवर रान माजतं.”

चालण्याचं तर त्या नावच घेत नसत. हात म्हणायच्या. मानेत मार बसलेल्या माणसाला चमचा धरता आला, शर्टाचं बटण लावता आलं, तरी त्यांच्या लेखी ते खूप होतं.

असलंच एक औषध बाईंनी पूर्वी मुंबईत बनवलं होतं. माणसांवर चाचणी झाली तेव्हा डॉक्टर मंडळी मऊ मनाची निघाली. कुणाचा अपघात दोन महिन्यांपूर्वीचा, कुणाचा सहा, पण आईबाप रडले की तारखा सरकवून आत घेतलं. शेवटी सगळ्यांची बेरीज केली तर फरक शून्य. कंपनीने औषध फडताळात टाकलं. बाई सांगायच्या, “ते औषध दयेनं मेलं.” हे सांगताना त्या कुणाकडे बघत नसत.

मग पुष्कळ वर्षांनी मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या अँटीबॉडीची चाचणी सुरू झाली. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाई बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. आपल्या जिल्ह्यातून कुणी पाठवायचा असेल तर आधी बाई जाऊन बघून येत आणि फोन करत. मानेतला मार हवा आणि अपघाताला अठ्ठावीसपेक्षा जास्त दिवस झालेले नसावेत. कमरेत सुई घालून मणक्याच्या पाण्यात औषध सोडायचं, तेही अनेकदा. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय गेलं ते सुई टोचणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.

“हा जुगार आहे,” मी म्हटलं.

“जुगारात अड्डेवाल्याला माहीत असतं,” बाई म्हणाल्या. “इथे त्यालाही नसतं.”

आता सुऱ्याचं सांगतो. सुऱ्या माझा मामेभाऊ, आमच्या दोघांत तीन महिन्यांचं अंतर. गावात माडावर चढावं तर सुऱ्याने. बाकी वेळ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मला ‘लीडर’ म्हणायचा. त्यात कौतुक नव्हतं.

शिमग्यात आमच्या वाडीत ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मामीकडे ती यायची त्या सकाळी, खांदेकऱ्यांना शहाळी हवीत म्हणून सुऱ्या माडावर चढला आणि वरून खाली आला. पडला तो मानेवर. पाय थोडे हलत होते, हातांना काहीच कळत नव्हतं. शुद्धीवर होता, बोलत होता. त्याला दोघांनी काखेत आणि दोघांनी गुडघ्यात धरून उचललं, बसवून पाणी पाजलं. नस दबली असेल म्हणाले. पालखी दारात आलेली, माणूस बाहेर कुठे काढणार? देवीपुढे गाऱ्हाणं घातलं, वैद्याचं तेल आणलं. दुपारी अंगणात ती पालखी मी खांद्यावर नाचवली. सुऱ्या आत माजघरात उताणा पडलेला होता. हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. आज लिहितोय.

तेल चोळण्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी रत्नागिरीला आणला. डॉक्टरने विचारलं, कधी पडला? मामी म्हणाली, “काल.” डॉक्टर ओरडेल म्हणून. डॉक्टरपुढे आपल्याकडे सगळं कालच झालेलं असतं. ताप कालचा, गाठ कालची, साप कालच चावलेला. डॉक्टरने ते लिहून घेतलं, तोच कागद पुढे कोल्हापूरला गेला, तिथे मानेचं ऑपरेशन झालं, सुऱ्या घरी आला. कागदाप्रमाणे चोविसावा दिवस होता. खरा तेहेतिसावा. मला दोन्ही माहीत होते, आणि मी बाईंना घेऊन गावात गेलो. लाज वाटते का? कुणी विचारलं तर आजही विषय बदलतो.

बाईंनी सुऱ्याला तासभर तपासलं. टाचणी टोचून विचारलं, डोळे मिटायला लावून बोटं हलवली. सुऱ्या म्हणाला, “बाई, ह्या लीडरला पण टोचा जरा. ह्याच्या डोक्यात काय उरलंय काय, बघू.” बाई चक्क हसल्या. मला हळूच म्हणाल्या, “नस पुरती तुटलेली नाही, धागा शिल्लक आहे. चांगला उमेदवार आहे.” त्यांच्या तोंडून चांगला हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग त्या मामीजवळ चुलीपाशी पाटावर बसल्या.

“पडला तेव्हा घरात कोण कोण होतं?”

“मायंदाळ माणसं व्हती गो बाय! मुंबैवाले सगळे आल्ले. पालखी येयाची ना घरात.”

“पालखी तुमच्याकडे कधी असते?”

मी तिथेच उभा होतो. मला मामीच्या तोंडावर हात ठेवता आला असता. पण मामीचा चेहरा उजळला. डॉक्टरपुढे खोटं बोलली, कोल्हापूरला खोटं बोलली, सहीच्या जागी खोट्या तारखेखाली अंगठा दिला. पण देवीच्या पालखीचा दिवस ती इकडचा तिकडे कसा करील? तिच्या सासऱ्याच्या आज्यापासूनचा मान तो.

“आमच्याकडं रंगपंचमीलाच. आजून चुकली नाय.”

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. बोटाने दिवस मोजले. दोनदा मोजले. मग उठून अंगणात गेल्या.

मी मागोमाग गेलो. “बाई, कागदावर चोवीस आहेत. डॉक्टरची सही आहे. तुम्हाला काही लिहायचं नाही. फक्त गप्प बसायचंय.”

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि मला घेऊन आलास.”

“भाऊ आहे माझा.”

“सगळेच कुणाचे तरी भाऊ असतात.”

“मला एक सांगा. अठ्ठाविसाव्या दिवशी नस जिवंत असते आणि तेहेतिसाव्याला मरते?”

“नाही.”

“मग?”

“रेघ कुठेतरी मारावीच लागते.”

“कोणी मारली ही रेघ? कुठल्या शहाण्याने?”

“मी,” बाई म्हणाल्या. “सल्ल्याला बोलावलं होतं मला. त्यांना बेचाळीस हवे होते. मी अठ्ठाविसावर अडून बसले.”

त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, फोन लावला. आत खिडकीत सुऱ्याची खाट होती, त्याला ऐकू जात होतं, आणि त्यांनी आवाज खाली केला नाही. “इजा तेहेतीस दिवसांची आहे. कागदावरची तारीख चुकीची आहे. नाही बसत.” एवढंच. मामीला काही कळलं नाही, ती चहा घेऊन आली. सुऱ्याला कळलं. आतून त्याचा आवाज आला, “लीडर, चहा पी. थंड होतोय.”

त्याच संध्याकाळी मी खोली सोडली. आठवड्यात पत्रक छापलं. ‘प्रयोगशाळेतील पाषाणहृदयी विदुषी आणि एका कष्टकऱ्याचे निर्जीव हात’. विशेषणं मोजली नव्हती, पण कमी पडू दिली नव्हती. त्यात सगळं होतं. बाईंनीच मारलेली रेघ, अंगणातला फोन, मामीचा चहा. फक्त एक नव्हतं. नऊ दिवस त्याला घरात कुणी ठेवलं, ते.

स्टँडवर वाटत होतो तेव्हा बाई स्वतः रांगेतल्यासारख्या पुढे आल्या. हात पुढे केला. मी दिलं. काय करणार, प्रत्येकाला द्यायचं हा नियम. त्या बाकावर बसल्या, पिशवीतून लाल पेन काढलं. दहा मिनिटांनी कागद परत आणून दिला. विशेषणं सगळी छाटलेली. खाली लिहिलं होतं, ‘माझ्याबद्दलचा मजकूर बरोबर आहे. सुऱ्या पडल्याची तारीख चुकली आहे, ती दुरुस्त केली आहे.’ आणि गावच्या एसटीत बसून निघून गेल्या.

गावच्या एसटीत. हे मला नंतर समजलं. फोन केला त्याच्या पुढच्याच सोमवारपासून बाई सुऱ्याकडे जायला लागल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळच्या गाडीने जायच्या, दीड तास त्याची बोटं हलवायच्या, वाकवायच्या, वाटीतल्या बिया त्याच्या हाताखाली ठेवायच्या आणि दुपारच्या गाडीने परत. मामीला तोवर कुणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं. कुणी म्हणजे मीच. तेव्हापासून तिने बाईंना पाणी विचारलं नाही. बाई स्वतःची बाटली आणायच्या. बोलणं नाही. मामी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून तांदूळ निवडायची आणि मध्येच मोठ्याने म्हणायची, “देवी बगून घेल एकेकाला.” बाई बोटं मोजत राहायच्या.

“वाईट वाटून जातात का हो बाई?” असं मी एकदा सुऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मी इचारलं. म्हंगाली, वाईट वाटून बोट वाकत नाय, वाकवून वाकतं.”

वर्षाने उजव्या हाताचं मनगट वर यायला लागलं. वाटी अजून भरलेलीच होती.

मग चाचणी संपली. निकाल आला त्या शुक्रवारी मी गावात होतो. बाईंना तो सांगायची काही गरज नव्हती. मामीने कधी विचारलं नव्हतं, सुऱ्या ते विसरल्यासारखा वागत होता. पण बाईंनी बाटली खाली ठेवली आणि सरळ सांगून टाकलं. सगळ्यांची बेरीज केली तर फरक नाही. पण ज्यांच्या मज्जारज्जूत धागा शिल्लक होता, त्यांच्यापैकी औषध मिळालेल्यांच्या हातांत फरक पडलाय. थोडा. पण पडलाय.

“तुमच्या रेघेचं सार्थक झालं म्हणायचं,” मी म्हटलं.

“रेघ होती म्हणून तेवढं दिसलं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर पुन्हा शून्य आलं असतं आणि पुन्हा फडताळात गेलं असतं.”

मामीने सूप बाजूला ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदाच ती बाईंशी बोलली.

“धागा ऱ्हायलेला म्हंजे? माझ्या सुऱ्यासारका?”

“हो. सुऱ्यासारखा.”

“म्हंजे तुमी तवा गप ऱ्हायला असतात तर...”

“तर तो आत गेला असता.”

“आनि बरा झाला असता?”

“माहीत नाही. औषध मिळालं असतं की पाणी, तेही माहीत नाही.”

मामी उठली, खाटेला वळसा घालून आली आणि बाईंच्या समोर जमिनीवर बसली. तिने बाईंचे दोन्ही हात धरले. “नाय म्हन गो बाय. नसता झाला म्हन. येकदा म्हन. माज्यासाठी नको, मी आवस हाय त्याची, त्या कालच्यासाठी म्हन. डाक्टरला मी काल म्हंगाली ना, त्याच्यासाठी.”

एक शब्द होता तो. फुकटचा. त्याने कुठल्या आकड्यात फरक पडत नव्हता, कुठलं औषध मरत नव्हतं. मी बाईंकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, म्हणा, म्हणा, म्हणा एकदाचं. बाईंचे ओठ हललेसुद्धा.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

मामीने हात सोडले. “सोमवारपासून येव नका.”

सोमवारी बाई आल्या. दार बंद होतं. पायरीवर बसून राहिल्या, दुपारच्या गाडीने गेल्या. बुधवारी तसंच. शुक्रवारी मी आत होतो. कडीवर हात ठेवून मामी उभी, बाहेर बाई खोकल्या तेवढाच आवाज. मी म्हटलं, “बरं केलंस मामी. असल्या माणसाला हीच भाषा कळते.”

“आये,” सुऱ्या खाटेवरून म्हणाला, “दार उघड.”

“नाय.”

“उघड म्हनतो ना.”

“तिनं तुझं हात घालवलंन, आनि तिला मी घरात घेव?”

“घालवलंन. बरं. मग आता हलवील कोन? तू रडतंस. हा पत्रकं वाटतो. आठ दिवस झाले माझ्या बोटांना कुनी हात लावला नाय, आकडली लाकडासारकी.” त्याने मनगट वर केलं. तेवढंच वर येत होतं. “माफ नको करू तिला. मी पन नाय केलं. दार उघड.”

मामीने कडी काढली. बाई आत आल्या, कुणाकडे न बघता मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि खाटेशी बसल्या. सुऱ्याचं पहिलं बोट वाकवलं तेव्हा तो कळवळून ओरडला, आणि बाई म्हणाल्या, “एक.”